प्रेअरीवरचं गावठाण : नॉयबर्गथालबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विनिपेगला घर केल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे कोणी ना कोणी पाहुणे असतात. शहर दोन दिवसांत बघून होतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत घालून दक्षिणेला नॉयबर्गथालला नेतो, मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या एका जुन्या गावाला. जाताना आणि येताना तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. माझं आजोळ परभणी जिल्ह्यातलं, त्यामुळे डोळे तिकडचेच आहेत हे आधीच सांगून ठेवतो.

हे गाव नक्की आहे कुठे?

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, आल्टोना या छोट्या शहराच्या आग्नेयेला काही किलोमीटरवर. विनिपेगहून रमतगमत दीड तास. अमेरिकेची सीमा इतकी जवळ की फोन कधीकधी तिकडचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचा मेसेज येतो. स्थापना १८७६ची. १९८९मध्ये कॅनडाने अख्ख्या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला.

नाव जर्मन आहे. ‘नॉय’ म्हणजे नवं, ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर, ‘थाल’ म्हणजे दरी. तिथे डोंगरही नाही आणि दरीही नाही. जमीन परातीसारखी सपाट. नाव आलं ते मागे सोडलेल्या बेर्गथाल वसाहतीवरून, जी आजच्या युक्रेनमधल्या मारियुपोलच्या बाजूला होती.

मेनोनाइट म्हणजे ते घोडागाडीवालेच ना?

तुमच्या डोळ्यांसमोर आहेत ते आमिश. चुलतभाऊ म्हणा. दोघांचं मूळ सोळाव्या शतकातल्या एकाच चळवळीत आहे. १५२५मध्ये झुरिकमध्ये काही लोकांनी ठरवलं की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, माणसाने मोठं होऊन, समजून घ्यायचा. शिवाय शस्त्र उचलायचं नाही आणि शपथ घ्यायची नाही. मेनो सिमन्स नावाचा डच धर्मगुरू १५३६मध्ये कॅथलिक चर्च सोडून त्यांच्यात आला आणि त्याच्यावरून ‘मेनोनाइट’ हे नाव पडलं. आमिश १६९३मध्ये वेगळे झाले. मेनोनाइटांमध्येही जुन्या वळणाचे गट आहेत जे आजही घोडागाडी चालवतात. पण नॉयबर्गथालमध्ये दारात पिकअप ट्रक उभा असतो. फोटो काढायला टोपीवाला आजोबा मिळेल या आशेने येऊ नका.

युक्रेन सोडून इतक्या लांब, इतक्या थंडीत कशाला आले?

सैन्यभरती टाळायला. पण गोष्ट थोडी मागून सांगावी लागते.

हॉलंडमध्ये छळ सुरू झाल्यावर हे लोक विश्चुला नदीच्या मुखाशी, आजच्या पोलंडमधल्या ग्डान्स्कजवळ गेले. तिथल्या दलदलीतून पाणी काढून त्यांनी शेती उभी केली. तिथेही जाच वाढला तेव्हा रशियाच्या कॅथरीन राणीचं आमंत्रण होतंच: जमीन घ्या, तुमचा धर्म पाळा, फौजेत यायची सक्ती नाही. १७८९मध्ये नीपर नदीकाठी खोर्टित्सा वसाहत बसली. तिची एक शाखा म्हणून १८३६मध्ये बेर्गथाल. मग १८७०च्या दशकात झारने सक्तीची लष्करी सेवा आणली आणि दिलेला शब्द पातळ झाला.

१८७३मध्ये बारा जणांचं शिष्टमंडळ उत्तर अमेरिका बघून आलं. कॅनडा सरकारने पत्र दिलं: लष्करी सेवेतून सूट, स्वतःच्या शाळा, एकत्र वसायला राखीव जमीन. १८७४ ते १८८०च्या दरम्यान सुमारे ७,००० मेनोनाइट मॅनिटोबात उतरले. त्याहून जास्त लोक अमेरिकेत कॅन्सस, नेब्रास्काकडे गेले. बेर्गथालची तर जवळपास सगळी वसाहतच उठून इकडे आली. गावकी, चर्च, कर्जाच्या वह्या, सगळ्यासकट.

पहिलं वर्ष गेलं आणि १८७५मध्ये टोळधाडीने पीक फस्त केलं. सरकारने जवळपास एक लाख डॉलरचं कर्ज दिलं, त्याला ओंटॅरिओतल्या आधीच्या मेनोनाइटांनी हमी दिली. या कर्जाला ते ‘भाकरीचं देणं’ म्हणत. ते फेडलं.

जमीन काय रिकामीच पडली होती?

नाही. १८७१मध्ये अनिशिनाबे आणि स्वॅम्पी क्री या मूळ रहिवाशांबरोबर ब्रिटिश राजसत्तेने जमिनीबद्दलचा ‘करार क्रमांक एक’ केला आणि त्यानंतर तीनच वर्षांत मेनोनाइट आले. रेड नदीच्या काठाने मेटी लोकांची, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांची वस्ती होती. कराराचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगळा लावला होता आणि त्याची भांडणं आजही चालू आहेत. एका ठिकाणाहून हुसकलेले लोक दुसऱ्यांच्या जमिनीवर वसवले गेले, हे गाव बघताना मनात ठेवावं. तिथली आताची मंडळीही हे मोकळेपणाने बोलतात.

एकच तर रस्ता आहे. यात बघायचं काय?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि उत्तर नेमकं त्या रस्त्यातच आहे.

विमानातून प्रेअरी पाहिली असेल तर आठवा. वहीतल्या चौकटींसारखे चौकोन. सरकारने सगळा मुलूख सहा मैल बाय सहा मैलांच्या तुकड्यांत मोजला, प्रत्येकात ३६ सेक्शन, एका सेक्शनमध्ये ६४० एकर. १८७२च्या जमीन कायद्याने १० डॉलर फी भरून कुटुंबप्रमुखाला किंवा सज्ञान पुरुषाला पाव सेक्शन, म्हणजे १६० एकर मिळायचे. अटी दोन: जमीन कसायची आणि त्याच तुकड्यावर घर बांधून राहायचं. त्यामुळे प्रेअरीत सगळ्या सुट्या, एकेकट्या वस्त्या. शेजारी हाकेच्या अंतरावर नाही, दुर्बिणीच्या अंतरावर. आपल्याकडे विहिरीला पाणी लागलं की लोक गावठाणातून उठून मळ्यात राहायला जातात. इथे तर गावठाण मुळात नव्हतंच.

मेनोनाइटांनी हे ऐकलं नाही. पंधरा-वीस-पंचवीस कुटुंबं एकत्र आली. प्रत्येकाने आपल्या नावावर १६० एकर घेतले, सरकारी कागद त्याच्याच नावाचा. पण राहायचं सगळ्यांनी एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना, रांगेत. बाकी सगळी जमीन एकत्र करून तिचे लांबट पट्टे पाडले. चांगल्या मातीतला एक पट्टा, पाणथळ भागातला एक, लांबचा एक, जवळचा एक, असं प्रत्येकाच्या वाट्याला सगळं थोडंथोडं. एक मोठा भाग गायरान म्हणून राखला. सकाळी गावाचा गुराखी रस्त्याने निघाला की घराघरातून गुरं त्याच्यामागे लागायची, आणि संध्याकाळी परतताना प्रत्येक गाय आपापल्या फाटकात वळायची. गुराख्याला वर्षाचा ठराविक मोबदला. त्याचं छोटं घर गावात अजून आहे.

सरकारलाही नमतं घ्यावं लागलं. घर तुकड्यावरच हवं ही अट १८७६च्या सुमारास सैल केली, गावात राहणाऱ्यांनाही हक्क मिळू लागला.

म्हणजे कागदावर सातबारा एकाचा आणि प्रत्यक्षात नांगर दुसऱ्याचा. हे सगळं चाललं कशावर? गावाने आपसात केलेल्या करारावर, ज्याला कोर्टात फारशी किंमत नव्हती. मला हीच गोष्ट त्या जुन्या घरांपेक्षा मोठी वाटते.

मग अशी बाकीची गावं गेली कुठे?

मॅनिटोबात मेनोनाइटांसाठी राखलेली दोन क्षेत्रं होती, त्यांत मिळून शंभराहून जास्त गावं होती. बहुतेक मोडली. मोडायला एक माणूस पुरायचा. त्याने ‘माझे १६० एकर माझे मला द्या’ म्हटलं की कायदा त्याच्या बाजूने. त्याचा तुकडा निघाला की त्यातून जाणारे दहा जणांचे पट्टे तुटले, गायरानाला भोक पडलं, आणि मग दुसराही निघाला. चर्चने ओरडा केला, बहिष्काराच्या धमक्या झाल्या, पण गव्हाचा भाव चढा असताना आणि रेल्वे दाराशी आलेली असताना स्वतःच्या सलग तुकड्याचा मोह कोणाला नसतो? वाटणीवरून फुटलेली घरं आपण कमी पाहिलेली नाहीत.

पट्ट्यांची शेती नॉयबर्गथालमध्येही संपली. पण लोक रस्ता सोडून गेले नाहीत. कारण नातेवाईक. गाव वसवणारी कुटुंबं एकमेकांच्या सोयरिकीतली होती, आणि शेजारी मेहुणा असेल तर घर मोडून मैलभर लांब नेणं जरा जड जातं. शेत वेगळं झालं, उंबरा राहिला. म्हणून आज उत्तर अमेरिकेतल्या उत्तम टिकलेल्या मेनोनाइट गावांत त्याचं नाव घेतात.

घर आणि गोठा एकाच छपराखाली? वास येत नसेल?

माझ्या आत्याने हा प्रश्न नाकाला पदर लावून विचारला होता, गोठ्यात पन्नास वर्षांत गाय नसताना.

या बांधणीला तिथे हाउसबार्न म्हणतात. घराचं तोंड रस्त्याकडे, पाठीला चिकटून गोठा. मध्ये एक अरुंद बोळ आणि दार. बाहेर उणे तीस आणि वारा घोंघावतोय अशा वेळी दूध काढायला अंगणसुद्धा ओलांडावं लागत नाही, हा त्यातला खरा शहाणपणा. घराच्या माळ्यावर धान्य, गोठ्याच्या माळ्यावर गवत. वास यायचाच, पण ज्याच्या घरी गुरं असतात त्याला तो येत नाही हे आत्यालाही ठाऊक होतं.

सगळ्यात आधी मात्र घरं नव्हतीच. जमिनीत खोदून वर गवताळ मातीच्या चिपांचं छप्पर, अशा खोपटांत पहिला हिवाळा काढला. त्याला ‘सेमलिन’ म्हणायचे.

पुढे बांधलेल्या घरांत बघायची वस्तू म्हणजे मधली भट्टी. घराच्या ऐन मध्यात माणसाच्या उंचीहून मोठी विटांची भिंतच म्हणा. तोंड स्वयंपाकघरात, आणि अंग आजूबाजूच्या खोल्यांत. एकदा तापली की विटा तासन्‌तास ऊब सोडत राहतात. हात लावून बघायला सांगतात, गार असली तरी लावावा. विटांच्या कडा पाठ टेकून टेकून गुळगुळीत झाल्या आहेत.

आणि तिच्यात जाळायचे काय? लाकूड त्या माळावर नव्हतंच. पेंढा, आणि शेण. गोठ्यातलं शेण-पेंढा पसरायचं, तुडवायचं, फावड्याने चौकोनी विटा कापायच्या आणि उन्हात वाळवायच्या. हे ऐकल्यावर आत्या म्हणाली, “मग गवऱ्या म्हणा की सरळ!” फरक एवढाच की आपल्या गोल असतात आणि हाताने थापतात.

खाली बघायला विसरू नका. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर बायकांनी रंगाने काढलेली नक्षी असते. चौकटी, फुलं, ठिपके. अनेक घरांत ती लिनोलियमखाली झाकली गेली होती आणि आता पुन्हा उघडी केली जातेय. रोज पुसायची आणि रोज काढायची रांगोळी वेगळी, ही वर्षावर्षाची. पण उकिडवं बसून, मागे सरकत सरकत काढलेली रेष कुठलीही असो, ओळखू येते.

गावाचा कारभार कोण बघायचं?

जमीनवाल्यांनी निवडलेला ‘शुल्ट’, आपल्या भाषेत पाटील. रस्ते, कुंपणं, गुराख्याचा पगार, शाळा त्याच्याकडे. धर्माचं चर्चच्या वडीलधाऱ्यांकडे.

मुलींना जमीन मिळायची?

मिळायची, आणि मुलाइतकीच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परत विचारलं होतं. नवरा किंवा बायको गेली की अर्धी मालमत्ता मागे राहिलेल्या जोडीदाराची, उरलेल्या अर्ध्याचे मुलगे-मुली मिळून सारखे भाग. विधुराला दुसरं लग्न करायचं तर आधी मुलांचा हिस्सा लिहून द्यावा लागे. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क द्यायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशात २००५ उजाडलं, आणि ‘हक्कसोडपत्रावर सही कर’ हे अजून संपलेलं नाही.

अनाथ मुलांचे पैसे सांभाळायला चर्चची वेगळी पेढी असायची, ‘वाइझनआम्ट’. हळूहळू ती ठेवी घेऊन शेतकऱ्यांना कर्जंही देऊ लागली. पतसंस्थाच. आणि पतसंस्थेचं व्हायचं तेच झालं: पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, मग मंदी आली, वसुली थांबली आणि मॅनिटोबातल्या मोठ्या पेढ्या बसल्या. विधवांचे पैसे अडकले.

सगळ्यांची नावं सारखीच कशी?

मूठभर कुटुंबं, मूठभर आडनावं: क्लिपनस्टाइन, हाम, फ्रिझन. पहिलं नावही बायबलमधलं किंवा आजोबांचं. एका गावात एकाच नावाचे तीन-चार जण. मग टोपणनावं पडतात, आणि ती माणसाच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. हे समजावून सांगायची गरज मराठी माणसाला तरी नसावी.

ते बोलतात कुठली भाषा?

आता इंग्रजी. म्हातारी माणसं आपसात प्लाउटडीच बोलतात, विश्चुलाच्या काठी तयार झालेली सखल जर्मनीची बोली. चर्चमध्ये मात्र प्रमाण जर्मन असायची. म्हणजे घरात एक, देवापुढे दुसरी आणि बाजारात तिसरी.

या बोलीत वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाचा शब्द आहे. मला आवडतो तो ‘आर्बूस’, म्हणजे कलिंगड. रशियन ‘अर्बूझ’वरून घेतला. रशियनमध्ये तो तुर्की ‘कार्पूझ’मधून आला आणि तुर्कीत फारसी ‘खर्बूझा’मधून. आपलं खरबूज! फळ बदललं, शब्द तोच. एका आजींना हे सांगितलं तर त्यांनी माझ्याकडून ‘खरबूज’ तीनदा म्हणवून घेतलं.

काही लोक मेक्सिकोला गेले असं ऐकलं. का?

शाळेमुळे. १८७३च्या पत्रात स्वतःच्या शाळांचं आश्वासन होतं, पण शिक्षण हा प्रांताचा विषय. १९१६मध्ये, ऐन महायुद्धात, मॅनिटोबाने द्विभाषिक शाळा बंद करून इंग्रजी सक्तीची केली आणि हजेरीही. जर्मन भाषेवर तेव्हा सगळ्यांचाच राग. दंड झाले. मग जुन्या वळणाच्या लोकांनी पुन्हा बोचकी बांधली. १ मार्च १९२२ला प्लम कूली स्टेशनवरून पहिली गाडी सुटली ती मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात. १९२६पासून आणखी काही जण पॅराग्वेच्या रखरखीत चाको प्रदेशात गेले. आज मेक्सिकोतून परत मॅनिटोबात येणारी कुटुंबंही आहेत, त्यामुळे आल्टोनाच्या दुकानात स्पॅनिश कानावर पडली तर चकित होऊ नका.

मग दुसऱ्या महायुद्धात काय केलं?

कॅनडात सुमारे ११,००० तरुणांनी सदसद्विवेकबुद्धीच्या कारणाने शस्त्र नाकारलं. त्यांत बहुसंख्य मेनोनाइट. त्यांना जंगलात झाडं लावायला, रस्ते बांधायला, दवाखान्यांत पाठवलं. काही मेनोनाइट मुलं फौजेतही गेली, आणि परतल्यावर चर्चमध्ये त्यांचं स्वागत नेहमीच झालं असं नाही.

आता शेतात काय असतं?

गहू, कनोला, सोयाबीन, मका, राजमा आणि सूर्यफूल. सूर्यफुलाच्या बिया सोलून खायची सवय या लोकांनी रशियाहून आणली. आल्टोनात १९४०च्या दशकात शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर सूर्यफुलाची तेलगिरणी काढली. सहकार म्हटल्यावर आमच्याकडचे पाहुणे कान टवकारतात. आल्टोनातच वान गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्राची प्रचंड प्रतिकृती चित्रकाराच्या घोडीवर ठेवून उभी केली आहे. फोटो तिथे काढा.

माती काळी आहे. नुसती काळी नाही, आपली काळी. रेड नदीचं खोरं म्हणजे हिमयुगातल्या अगासी नावाच्या महाकाय सरोवराचा तळ, त्याची भारी चिकण. मृदाशास्त्रात या खोऱ्यातल्या बऱ्याच मातीला ‘व्हर्टिसोल’ म्हणतात आणि मराठवाड्या-विदर्भातल्या रेगुरालाही तेच. जन्म वेगळा, तिकडे बेसॉल्टचा आणि इकडे सरोवराचा, पण वागणूक तीच. पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. स्थानिक लोक तिला ‘गम्बो’ म्हणतात.

आधीचे गोरे वसाहतवाले नदीकाठ आणि लाकूड सोडून या उघड्या माळावर यायला धजावत नव्हते. मेनोनाइटांनी युक्रेनच्या माळावर हेच केलेलं होतं. रस्त्याच्या दुतर्फा दिसणारी उंच कॉटनवूडची झाडं त्यांनी वाऱ्याला आडोसा म्हणून लावली.

शाकाहारी माणसाने काय खावं?

सावधपणे. ‘वेरेनिके’ मागा: मैद्याच्या पारीत पनीरसारखं सारण भरून उकडलेल्या करंज्या, वर सायीची पांढरी ग्रेव्ही. ग्रेव्ही सॉसेजच्या तव्यात केली आहे का, ते विचारा. उन्हाळ्यात कलिंगडाबरोबर ‘रोलकुकेन’ मिळतात, शंकरपाळ्याचा मोठा, फुगीर, अळणी भाऊ. पूर्वी चरबीत तळत, आताही विचारलेलं बरं. सुक्या फळांचं गार ‘प्लुमेमोस’ बिनधास्त प्या. बोर्श्ट दिसायला भाजीचं, पण तळाला बहुतेक वेळा डुकराचं हाड असतं. माझ्या एका काकांना हे दुसरी वाटी संपवल्यावर कळलं. त्यांनी तिसरी घेतली नाही एवढंच.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला ‘फास्पा’ असतो. कॉफी, जॅम, चीज आणि ‘ट्वेबाक’, म्हणजे एकावर एक दोन गोळे ठेवून भाजलेला पाव. तोच पाव कडक भाजून पोत्यात भरून जहाजावर नेला होता. बुडवून खायचा, आपल्या बटरासारखा.

आपल्याकडे मेनोनाइट आहेत का?

आहेत. १८९७च्या दुष्काळानंतर अमेरिकन मेनोनाइटांनी १८९९मध्ये धमतरीला काम सुरू केलं. धमतरी आज छत्तीसगडमध्ये, पण तेव्हा मध्य प्रांतात, आणि राजधानी नागपूर. तेलंगणात नलगोंडा, महबूबनगरकडेही मोठी मंडळी आहे, आणि तिथले पहिले मिशनरी रशियातल्या मेनोनाइट वसाहतींतून आले होते.

जायचं कधी, आणि तयारी काय करायची?

जून ते सप्टेंबर. फ्रिझन घराण्याचा दुरुस्त केलेला हाउसबार्न आतून दाखवतात, पण आधी फोन करून वेळ ठरवा. बाकीच्या घरांत लोक राहतात, तेव्हा परसात शिरून फोटो नकोत. पवनचक्की आणि तिकीट खिडकीसकट संग्रहालय हवं असेल तर स्टाइनबाखला जा, तेही छान आहे.

पाऊस पडून गेला असेल तर डांबरी सोडून शेतरस्त्यावर गाडी घालू नका. मी घातली होती. मैलभर चालत जाऊन ट्रॅक्टरवाला आणला. त्याने दोर बांधला, गाडी ओढली, पैसे घेतले नाहीत आणि माझ्या बुटांकडे बघून फक्त मान हलवली. बूट धुवायची घाई करू नका. वाळू द्यावेत आणि मग आपटावेत, परभणीत आपटतात तसे.